विनाकारण उघडलेला गिअरबॉक्स

मी आयुष्यात एकंदर चार गिअरबॉक्स विनाकारण उघडले. पहिले तीन उमेदवारीच्या काळातले. ते ट्रॅक्टरचे होते, आणि ट्रॅक्टर हा सोशिक प्राणी असल्यामुळे ती प्रकरणं जागच्या जागी मिटली. चौथा उघडला तेव्हा माझं वय बावन्न होतं, नंदुरबारात माझं स्वतःचं गॅरेज होतं, भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्र होतं आणि हातात कॉम्प्युटर होता. त्यामुळे त्या चौथ्याला काही सबब नाही.

मी मूळचा ब्राह्मणपुरीचा. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करत करत हात बसला. आमची सगळी विद्या कानाची. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठलं बेअरिंग ओरडतंय, कुठला व्हॉल्व्ह खडखडतोय, सगळं ऐकू येतं. डोळे मिटायची खरं तर गरज नसते, पण त्यानं गिऱ्हाइकावर वजन पडतं. नंदुरबारात गॅरेज टाकल्यावर मी ‘कानवाला मिस्तरी’ म्हणून नावाजला गेलो. सुभाष हे माझं नाव मला फक्त वीजबिलावर वाचायला मिळे.

मग ऑटोमॅटिक गाड्या आल्या.

ज्यांनी त्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या गाडीत डाव्या पायाला क्लच असतो आणि डाव्या हाताला गिअर. चढ आला की क्लच दाबायचा, गिअर उतरवायचा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. डावा पाय पाहुण्यासारखा बसून राहतो. गिअर कधी टाकायचा हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गिअरबॉक्समध्ये जाणारे फेरे किती आणि बाहेर पडणारे किती, हे मोजणारे सेन्सर असतात. त्यांनी दिलेले आकडे जुळले नाहीत की कॉम्प्युटर घाबरतो. समोर गिअरचा पिवळा दिवा लावतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. म्हणजे गाडी बंद पडत नाही, पण म्हातारा बैल चालावा तशी चालते. चढावर तर विचारूच नका.

पहिली ऑटोमॅटिक माझ्या वाट्याला आली ती कापडाचे व्यापारी जवरीलालजी यांची. घरासमोर उभी होती. चालू व्हायची, पण गिअर घ्यायची नाही. मी स्क्रू ड्रायव्हर लावून, डोळे मिटून अर्धा तास ऐकलं. काही ऐकू आलं नाही, कारण गाडी काही करतच नव्हती. शेवटी मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “क्लच गया.” ट्रॅक्टर बोलावला, गाडी दोरानं बांधली आणि भर बाजारातून, त्यांच्याच दुकानासमोरून, गॅरेजपर्यंत ओढत नेली.

गॅरेजात मी गाडीखाली शिरलो आणि जवरीलालजींना ब्रेक दाबायला बसवलं. त्यांच्या पत्नी कमलाबाई मागे छत्री घेऊन उभ्या होत्या. तीन पिढ्या इथे गेल्यामुळे ही राजस्थानची मंडळी आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात.

“मिस्तरी,” त्या म्हणाल्या, “ह्या ब्रेक दाबी ऱ्हायनात, पन मांगे लाल दिवा लागतच नही ना.”

“भाभी, दिव्यानं आपुन नंतर देखसूत,” मी गाडीखालून म्हणालो. “पह्यले मोठं काम.”

मोठं काम मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी, दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, तो दिवा बघितला. ब्रेकच्या पेडलच्या वर काडेपेटीएवढं एक बटण असतं. पाय ब्रेकवर आहे हे त्या बटणावरून कळतं, मागचे दिवेही त्यानंच लागतात. पाय ब्रेकवर असल्याची खात्री झाल्याशिवाय ती गाडी गिअर घेतच नाही. बटण मेलं होतं. दहा मिनिटांत बदललं. जवरीलालजी मला काही बोलले नाहीत. ते फक्त गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता ही गोष्ट सांगत. लग्नसराई होती. दुकानात गर्दी फार.

त्या लग्नसराईनंतर मी सुरतेला जाऊन दोन दिवसांचा वर्ग केला आणि स्कॅनर घेऊन आलो. स्कॅनर म्हणजे जाडजूड मोबाइलसारखं यंत्र. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे त्याची वायर लावायची. मग पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे येतात. पी शून्य सातशे, पी शून्य सातशे तीस, असे. हे कोड. गाडीच्या कॉम्प्युटरनं काय तक्रार नोंदवली आहे ते त्यात असतं. दिवा विझला तरी नोंद आत राहते. मी दोनशे पानी वहीत सगळे कोड मराठीत उतरवून घेतले आणि पेंटरला बोलावून पाटी रंगवली: ‘येथे ऑटोमॅटिक गाड्यांचे कॉम्प्युटरद्वारे निदान केले जाते.’

असं मी सांगितलं होतं. पेंटरनं ‘निदान’च्या जागी ‘निधन’ लिहिलं. पाटी आठ दिवस तशीच होती. लोक थांबून वाचायचे, हसायचे, आणि मला वाटायचं, जाहिरात बरी चालली आहे. नवव्या दिवशी हायस्कूलचे एक मास्तर पंक्चर काढायला आले, त्यांनी हळूच सांगितलं. मी ‘ध’चा ‘दा’ करून घेतला, पण रंगाखालून जुनं अक्षर दिसत राहिलं. पुढे काय झालं ते ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, पेंटरचंच बरोबर होतं.

एका मंगळवारी सकाळी चांदीच्या रंगाची एक जुनी ऑटोमॅटिक गॅरेजात आली. चालवत होत्या एस्तेर सिस्टर. वसावे आडनाव, चिंचपाड्याच्या बाजूच्या एका गावच्या. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांतून परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी गेली होती, पण चालणं, बोलणं, घड्याळ बघणं, सगळं अजून वॉर्डातलं. डावा पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक झालेला. म्हणून ही गाडी. क्लच असलेली गाडी त्यांना चालवताच आली नसती.

“मिस्तरी, गिअरचा पिवळा दिवा लागतो,” त्या म्हणाल्या. “मग गाडीत दमच राहत नाही. मागच्या शुक्रवारी खांडबाऱ्याच्या पुढच्या चढावर मागे ट्रक हॉर्न मारत होते. माझे मिस्टर गाडीत असतात. त्यांचं डायलिसिस चालू आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. आत्ता त्यांना तिथं मशीनवर सोडून आले. चार तास आहेत.”

त्यांचे मिस्टर म्हणजे मनवेलभाऊ, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुलगा दूर नोकरीला. मनवेलभाऊंच्या हाताला डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशननं जोडलेली शीर होती, अंगात ताकद नव्हती. आयुष्यभर घाटातून गाड्या नेलेला माणूस आता बाजूच्या सीटवर बसे आणि पायानं नसलेला ब्रेक दाबे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी विचारलंच नाही. मी स्कॅनर काढला.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली, पी शून्य सातशे. याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, त्यालाच विचारा. दुसरी, पी शून्य सातशे तीस: गिअरचं प्रमाण चुकतंय. म्हणजे आत जाणारे आणि बाहेर येणारे फेरे जुळत नाहीत. मी वही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘आतील प्लेटा झिजल्या असण्याची शक्यता.’ ‘शक्यता’ हा शब्द मी वाचला नाही.

“गिअरबॉक्स उघडावा लागेल, सिस्टर. आतून झिजलाय.”

“कशावरून?”

मी स्कॅनर त्यांच्यासमोर धरला. “यंत्र सांगतंय. यंत्र खोटं बोलत नाही.”

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. “आमच्याकडे रिपोर्ट आला तरी डॉक्टर आधी पेशंटला विचारायचे, काय होतंय म्हणून. कापायच्या आधी तर दोनदा.”

“माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं,” मी म्हणालो. “गाडीला तोंड नसतं.”

गाडी मी एक चक्कर फिरवून आणली. दिवा लागला नाही. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी म्हणालो, “गरम झाल्यावर लागत असेल. जास्त झिजलं की असंच होतं.”

त्यांनी गाडी ठेवली. दहा दिवस लागले. गिअरबॉक्स खाली उतरवणं म्हणजे अर्धी गाडी उलगडणं. त्या दहा दिवसांत सिस्टर आणि मनवेलभाऊ तीन वेळा नंदुरबारला आले, ते जीपनं स्टेशनपर्यंत आणि पुढे रेल्वेनं. एकदा गॅरेजवरून रिक्षा जाताना मला दिसली. मनवेलभाऊंनी डोकं सिस्टरांच्या खांद्यावर टाकलं होतं. सिस्टरांनी मला पाहून हात केला. मी पाना उचलून खाली वाकलो, जणू काही फारच नाजूक काम चाललं होतं.

गिअरबॉक्स उघडला. आत सगळं लखलखीत होतं. प्लेटा एकसारख्या, तेल लाल आणि स्वच्छ, तळाच्या लोहचुंबकाला नावापुरती बारीक भुकटी. असा गिअरबॉक्स वर्गातल्या मुलांना आदर्श म्हणून दाखवावा. मी टेबलावर मांडलेले ते सगळे भाग बघत स्टुलावर बसलो. चहा आला, गार झाला.

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. मी काय केलं ते सांगतो. सगळं पुसलं, नवीन सील घातलं, नवीन तेल भरलं, परत बसवलं, स्कॅनरनं जुन्या नोंदी पुसल्या. गाडी वीस किलोमीटर पळवली. दिवा नाही. माझा मलाच विश्वास बसायला लागला की आत काहीतरी होतं आणि ते आपल्या हातून गेलं. सिस्टर गाडी न्यायला आल्या तेव्हा मी म्हणालो, “आतून झिजलं होतं. केलंय सगळं. आता दहा वर्षं बघायला नको.”

“काय झिजलं होतं?”

“प्लेटा,” मी म्हणालो.

घरी बायकोला, शोभाला, बोलता बोलता सांगितलं. वाटलं, हसेल. ती भाकरी थापायची थांबली.

“त्या बाईना नवरा मशीनवर पडेल शे,” ती म्हणाली, “आनि तुम्ही तिले खोटं सांगी दिन्हं?”

“गाडी चांगली चाली ऱ्हायनी ना पन.”

“कसानी चांगली? काय बिघाड व्हता तो तुमले आजून मालूमच नही.”

स्वयंपाकघरात बसून तिनं जे निदान केलं ते मला कॉम्प्युटर घेऊन करता आलं नव्हतं. मी चिडलो आणि ताटावरून उठलो. भूक मात्र होती.

पुढच्या मंगळवारी दुपारी फोन आला. सिस्टरांचा आवाज शांत होता, पण जरा जास्तच शांत. डायलिसिस करून परत जाताना, त्याच चढावर, दिवा लागला होता. गाडी एका गिअरमध्ये अडकली, वेग उतरत उतरत बैलगाडीवर आला. मागून उसाचा ट्रक येत होता, त्याला वळणावर यांची गाडी दिसली नाही. त्यानं ऐनवेळी बाजूच्या कच्च्या रस्त्यावर ट्रक घातला म्हणून वाचलो, असं त्या म्हणाल्या. मनवेलभाऊंना धक्क्यानं उलटी झाली. “आम्ही घरी पोचलोय,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी येते. तुम्ही गॅरेजातच थांबा.”

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या शिव्या खायची सवय असते. शिव्या दिल्या की हिशोब मिटतो. त्या शिव्या देत नव्हत्या. शुक्रवारपर्यंतचे तीन दिवस मी गाड्यांना नुसते हात लावत होतो. तो ट्रक डोळ्यांसमोरून जात नव्हता.

शुक्रवारी मनवेलभाऊंना मशीनवर सोडून त्या आल्या. स्टुलावर बसल्या, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला आणि विचारलं, “मिस्तरी, मला खरं सांगा. गिअरबॉक्स उघडला तेव्हा आत काय बिघडलेलं होतं?”

गॅरेजात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“काहीच नाही,” मी म्हणालो. “आत सगळं नव्यासारखं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. चुकलं माझं.”

त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ट्रकवाल्यानं गाडी आमच्यावर घातली असती, तर हे तुम्ही कुणाला सांगितलं असतं?”

 

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. “हे आधीच तुम्हाला दाखवणार होते. पण तुम्ही म्हणालात, गाडीला तोंड नसतं.”

वहीत नवऱ्याचं वजन, रक्तदाब, पाणी किती प्यायले, हे सगळं वेळेसह लिहिलेलं होतं. आणि शेवटच्या पानांवर, त्याच टापटिपीनं, गाडी. दिवा कधी लागला, कुठे लागला, पाऊस होता की ऊन, गाडी किती वेळ चालली होती. मी खाली बसून वाचायला लागलो. पंधरा नोंदी होत्या. चढावर लागला, सपाटीवरही लागला. उन्हात लागला, पावसातही. पहिल्या पाच मिनिटांत लागला होता, म्हणजे गरम होण्याचाही संबंध नाही. माझी सगळी शास्त्रं एकेक करून त्या पानांवर मरून पडली.

“एक गोष्ट बघा,” सिस्टर म्हणाल्या. “येताना एकदाही नाही. पंधराच्या पंधरा वेळा परत जाताना.”

मी परत स्कॅनर लावला. तेच दोन कोड. आणि मग पहिल्यांदाच मला पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक बाण दिसला. तो दाबला की पुढचं पान येतं. पुढच्या पानावर तिसरा कोड होता: पी शून्य सातशे वीस. बाहेर पडणारे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश तुटतोय. म्हणजे गिअर चुकत नव्हते. मोजणाऱ्याचा निरोप मध्येच गळत होता. हे पान पहिल्या दिवशीही असणार. मी ते उलटलंच नव्हतं.

सेन्सर तपासला, ठणठणीत. त्याच्या वायरी बॉनेटखाली जिथपर्यंत दिसत होत्या तिथपर्यंत हलवून पाहिल्या, काही नाही. तुटतं तर परत जातानाच का? तीच गाडी, तोच रस्ता, तीच दोन माणसं.

“सिस्टर,” मी म्हणालो, “आज मी तुमच्याबरोबर येतो. चिंचपाड्यापर्यंत. यंत्र लावून मागे बसतो.”

दुपारी आम्ही मनवेलभाऊंना घेतलं. चेहरा राखेसारखा, हाताला पट्टी. मला मागच्या सीटवर पाहून ते म्हणाले, “हा कोण? कंडक्टर?”

“मिस्तरी आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“तेच ते? प्लेटावाले?”

“हो,” मी म्हणालो. “तोच.”

त्यांनी मान हलवली आणि पुढे बघत बसले. गाव सुटलं. मी मांडीवर स्कॅनर ठेवून फेऱ्यांचे आकडे बघत होतो. आत जाणारे, बाहेर पडणारे, दोन्ही शहाण्या भावांसारखे बरोबर चालले होते. चार-पाच किलोमीटर झाले. मनवेलभाऊंनी उसासा टाकला, खाली हात घालून सीटचा खटका ओढला आणि सीट सरकवून पार माझ्या गुडघ्यांपर्यंत आणली. मग पाठ टेकली, डोळे मिटले.

मांडीवरचा एक आकडा शून्य झाला. समोर पिवळा दिवा लागला.

“लागला,” सिस्टर म्हणाल्या.

“गाडी बाजूला घ्या,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिरका ऐकू आला. गाडी निंबाच्या झाडाखाली थांबली. “मनवेलभाऊ, जरा सीट पुढे घेता?”

“आत्ता तर मागे घेतली. चार तास बसून पाठ गेली माझी.”

“एकदाच घ्या.”

त्यांनी कुरकुरत सीट पुढे घेतली. मी सिस्टरांना गाडी बंद करून पुन्हा चालू करायला आणि दहा पावलं पुढे न्यायला सांगितलं. आकडा परत आला. “आता मागे.” आकडा गेला, दिवा लागला. “पुढे.” आला. “मागे.” गेला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मनवेलभाऊंना सगळं उमगलं. ते एकदम ताठ बसले, वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे मीच?”

“तुम्हीच.”

“मी सीट मागे घेतो म्हणून?”

“येताना तुम्ही ताठ बसता. जाताना दमलेले असता, म्हणून सीट मागे घेता. दिवा तेव्हाच लागतो.”

“आणि त्याच्यासाठी तू आख्खा गिअरबॉक्स खोललास?”

मी मान डोलावली. तेव्हा तो माणूस हसायला लागला. आधी खोकल्यासारखं, मग पोटातून. डायलिसिस झालेल्या माणसानं इतकं हसावं की नाही मला माहीत नाही. सिस्टरांनी त्यांचा हात धरला, नाडी बघावी तसा, आणि मग त्याही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागल्या. मी मागे गुडघे दुमडून, मांडीवर यंत्र घेऊन बसलो होतो. हसावं की रडावं हा प्रश्न नव्हता. हसण्याचा हक्कच मला नव्हता.

सीटखालचं मॅटिंग उचललं. त्या गाडीच्या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर डाव्या सीटखाली होता. गाडी सिस्टरांनी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाकडे कुणीतरी मॅटिंग घालताना वायरी जिथे अडकवतात ती क्लिप परत लावलीच नव्हती. वायरींचा जुडगा लोंबत होता. सीट पार मागे गेली की तिच्या पट्टीत सापडून ताणला जायचा. एक हिरवी वायर आवरणाच्या आत तुटलेली होती. ताण नसला की दोन टोकं एकमेकांना चिकटून बसत. बाहेरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. बोटानं दाबलं तेव्हा आत पोकळ लागलं.

निंबाखाली बसून मी ती वायर जोडली, वर नळी चढवली, जुडगा पट्टीपासून दूर बांधला. वीस मिनिटं. मनवेलभाऊ दगडावर बसून बघत होते आणि मध्येमध्ये विचारत होते, “मिस्तरी, इंजिन पण खोलू या का? वेळ आहे.”

मी घेतलेली सगळी मजुरी पुढच्या मंगळवारी परत केली. सिस्टरांनी ती मोजली नाही आणि नाकारलीही नाही. पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “आता कुणाची गाडी आली तर आधी विचारत जा.”

तेव्हापासून मी विचारतो. स्कॅनर लावायच्या आधी मालकाला बसवतो. दिवा कधी लागतो? गाडीत कोण असतं, कुठे बसतं, काय करतं? काही लोक चिडतात. एकानं विचारलं, “तुम्ही मिस्तरी आहात की सोयरीक जमवताय?” पण अर्धी कामं या प्रश्नांतच सुटतात. उरलेली अर्धी सुटत नाहीत. तेव्हा मी सरळ सांगतो की मला कळलं नाही. हे वाक्य म्हणायला मला बावन्न वर्षं लागली, आणि अजूनही म्हणताना जीभ अडखळते.

पुढे दोन वर्षं ते दोघं त्याच गाडीनं येत राहिले. दिवा परत लागला नाही. मनवेलभाऊ कधीकधी गॅरेजसमोर काच खाली करून ओरडत, “सीट मागे घेऊ का?” आणि गाडी निघून जाई. मग एक उन्हाळा फार वाईट गेला. सिस्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी इतकंच सांगितलं, “गेले. पहाटे. झोपेत.” आणि प्रार्थनासभेचा दिवस सांगितला.

मी आणि शोभा गेलो. डोंगराच्या कुशीतलं गाव, कौलारू चर्च, बाहेर मंडप. सत्तर-ऐंशी माणसं. तिकडच्या आदिवासींच्या कोकणी बोलीत गाणी झाली, ती मला कळली नाहीत. पाळकांनी बायबल वाचलं. मग ते म्हणाले, ज्यांना मनवेलभाऊंबद्दल चार शब्द बोलायचे असतील त्यांनी पुढे यावं. एसटीतले दोन सोबती बोलले. घाटातल्या गोष्टी सांगितल्या, रडले. मी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारबुवा उठले, मागे वळून लोकांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, “तो नंदुरबारचा मिस्तरी आलाय का? गिअरबॉक्सवाला?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण या गावात घराघरात पोचलेलं आहे. मनवेलभाऊंनी ते आजारपणात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. शेजारी बसलेल्या बाईनं शोभाला हळूच विचारलं, “हेच का ते?” शोभा अभिमानानं म्हणाली, “ह्याच शेतस.”

मी पुढे गेलो. माईक हातात घेतला. सिस्टर पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. डोळे कोरडे, हात मांडीवर, वॉर्डात राउंडची वाट बघावी तशा. मला भाषण येत नाही. मी तोंड उघडलं आणि तिथेच अडकलो.

म्हातारबुवांनी मदत केली. “मनवेल सांगायचा तसं नको,” ते म्हणाले. “तो मीठमसाला लावायचा. तुम्ही खरं सांगा. दहा दिवस लावून गिअरबॉक्स खोलला, तेव्हा आत काय निघालं?”

 मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायला लागले होते.

“काहीच नाही,” मी माईकमध्ये म्हणालो.

आणि मंडपातली सगळी माणसं हसली. सिस्टर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या बाईला त्यांना धरावं लागलं, आणि बराच वेळ ते हसू आहे की रडू हे कुणालाच सांगता आलं नाही.